खाऱ्या पाण्याचे उकळणे

जयपूर शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, पश्चिमेकडे, सांभरचे सरोवर पसरलेले आहे. त्याची लांबी सुमारे ३५ किलोमीटर असून रुंदी काही ठिकाणी तीन, तर काही ठिकाणी अकरा किलोमीटर भरते. पाऊस चांगला झाला तर त्यात कोठे कोठे तीन मीटरपर्यंत पाणी साचते. उन्हाळ्यात मात्र बऱ्याच भागात घोटाही बुडत नाही. मेंढा, रूपनगढ यांसारख्या हंगामी नद्या या सरोवराला येऊन मिळतात, पण त्यातून बाहेर पडणारी नदी एकही नाही. येथे आलेल्या पाण्याला जाण्याची वाट एकच, ती म्हणजे आकाशाची. पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्याने बरोबर आणलेले क्षार मागे राहतात.

सरोवराच्या काठी शाकंभरी देवीचे देऊळ आहे. देवीने प्रसन्न होऊन येथील वनाची चांदी केली. परंतु एवढ्या धनापायी आपसांत तंटे माजतील या भयाने लोकांनी तो वर परत घेण्याची विनवणी केली, तेव्हा तिने त्या चांदीचे खारे सरोवर केले, अशी कथा सांगतात. पुढचा इतिहास पाहिला तर लोकांची भीती निराधार नव्हती असेच म्हणावे लागेल. हे सरोवर जयपूर आणि जोधपूर या दोन संस्थानांच्या सामाईक मालकीचे होते. १८७०च्या सुमारास इंग्रज सरकारने ते दोघांकडून पट्ट्याने घेतले. त्या काळी परमुलखातील स्वस्त मीठ आपल्या मुलखात कर चुकवून येऊ नये म्हणून सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल लांबीची जकातीची सरहद्द आखली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण वाढविलेले होते आणि पहाऱ्यासाठी सुमारे बारा हजार माणसे नेमलेली होती. सांभर व राजपुतान्यातील इतर मिठागरे हाती आल्यावर मिठावरचा कर उत्पादनाच्या जागीच वसूल करता येऊ लागला आणि १८७९ साली ही सरहद्द मोडण्यात आली. स्वातंत्र्यानंतर, १९६४ साली, सांभर सॉल्ट्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सरोवरावरील मिठाचे उत्पादन तिच्याकडे आले.

मीठ मिळवायचे म्हणजे त्यातील पाणी घालवायचे. पाणी घालविण्याचा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे ते उकळणे. मग सांभरला चुली का पेटत नाहीत? क्यारीत पाणी सोडून महिनोन्महिने वाट का पाहावी लागते? आणि तेच पाणी सुरुवातीला भराभर आटते, पण मीठ धरण्याची वेळ जवळ आली की रेंगाळू लागते, असे का? या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत सामावलेली आहेत. पाण्यात विरघळलेले मीठ पाण्याला सहजासहजी सुटू देत नाही.

उकळणे म्हणजे काय

पाण्याचे रेणू एकसारखे हालचाल करीत असतात. त्यांतील काहींची गती इतकी असते की ते शेजारच्या रेणूंचे आकर्षण तोडून हवेत निसटतात. कोणत्याही तपमानाला हे चालूच असते. म्हणून तर दोरीवरचे ओले कपडे उकळल्यावाचून वाळतात. निसटलेल्या रेणूंमुळे जो दाब निर्माण होतो त्याला बाष्पदाब म्हणतात. पाणी जसजसे तापते तसतसा बाष्पदाब वाढत जातो आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पाण्याच्या केवळ पृष्ठभागावरच नव्हे तर अंतर्भागातही वाफेचे बुडबुडे टिकून राहू शकतात. हेच उकळणे होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पाणी किती अंशांना उकळेल हे एकट्या पाण्यावर अवलंबून नसते. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सियसला उकळते. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब जवळजवळ पाच टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे जयपूरच्या घरात चहाचे आधण सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळू लागते. दाब घटला की उत्कलनबिंदू खाली येतो आणि दाब वाढला की वर जातो. प्रेशर कुकरमध्ये हवेच्या जवळजवळ दुप्पट दाब असतो, म्हणून त्यातले पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते.

मिठाने पडणारा फरक

आता या पाण्यात मीठ विरघळवू. मिठाचे स्वतःचे बाष्प या तपमानाला नाममात्रही नसते. जे निसटू शकते ते पाणीच. परंतु मीठ मिसळल्यावर पाण्याची निसटण्याची प्रवृत्ती कमी होते, म्हणजेच त्याचा बाष्पदाब घटतो. समुद्राच्या पाण्यात तो शुद्ध पाण्याच्या मानाने सुमारे दोन टक्क्यांनी कमी असतो. आणखी मीठ विरघळूच शकणार नाही अशा संपृक्त द्रावणात तो सुमारे पाव हिश्शाने कमी होतो.

असे का व्हावे? मिठाचे कण पृष्ठभागावरची जागा अडवितात आणि पाण्याच्या रेणूंची वाट बंद करतात, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते समजण्यास सोपे असले तरी पुरेसे नाही. कारण जे कण बाहेर जाणारी वाट अडवितात ते परत येणाऱ्यांचीही वाट अडवतील. खरे कारण मिश्रणातच आहे. निसर्गात पदार्थांचा कल विखुरण्याकडे, मिसळण्याकडे असतो. द्रवरूप पाणी वाफ होते तेव्हा त्याचे रेणू एकदम मोकळे विखुरतात. पण मीठ विरघळलेल्या पाण्यात रेणू आधीच दुसऱ्या कणांत मिसळलेले असतात. वाफ होऊन अधिक विखुरण्याने त्यांना जे साधावयाचे त्याचा काही भाग त्यांनी द्रवात राहूनच साधलेला असतो. त्यामुळे त्यांची बाहेर पडण्याची ओढ तेवढी कमी होते. शिवाय मिठाच्या विद्युतभारित कणांचे पाण्याच्या रेणूंना प्रत्यक्ष आकर्षणही असते. द्रावण दाट होत जाते तसतसे त्याचे महत्त्व वाढते.

बाष्पदाब घटला की त्याला हवेच्या दाबाशी बरोबरी करण्यासाठी अधिक तापावे लागते, म्हणून उत्कलनबिंदू वर चढतो. समुद्राचे पाणी, ज्यात लीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, शुद्ध पाण्यापेक्षा जेमतेम अर्धा अंश जास्त तपमानाला उकळते. संपृक्त मिठवणी मात्र समुद्रसपाटीला १०८ अंशांच्याही थोडे पुढे जाऊन उकळते. मीठ यापुढे विरघळतच नसल्यामुळे या मार्गाने आणखी वर जाता येत नाही. पाणी आटते, मीठ तळाशी साचू लागते आणि तपमान तेथेच थांबते.

साखरेचा आणि मिठाचा हिशेब

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राउल्ट याने १८८०च्या दशकात अनेक द्रावणांचा अभ्यास केला. त्याला असे आढळले की बाष्पदाबातील घट विरघळलेल्या पदार्थाच्या जातीवर नव्हे, तर त्याच्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. एक किलोग्रॅम पाण्यात ठराविक संख्येने कण मिसळले की उत्कलनबिंदू ठराविक प्रमाणात वाढतो. मग ते कण साखरेचे असोत वा युरियाचे. उदाहरणार्थ, साखरेचा एक मोल, म्हणजे ३४२ ग्रॅम साखर, एक किलोग्रॅम पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे अर्ध्या अंशाने वाढविते.

मिठाचा एक मोल म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम. नियमाप्रमाणे त्यानेही अर्ध्या अंशाचाच फरक पडावयास हवा. प्रत्यक्षात जवळजवळ एक अंशाचा पडतो. मीठ साखरेच्या दुप्पट काम करते, हे कसे? डच शास्त्रज्ञ व्हांट हॉफ याने आपल्या सूत्रात यासाठी एक गुणक घातला, पण त्या गुणकाचा अर्थ त्यालाही सांगता येत नव्हता. तो अर्थ स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस याने सांगितला. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याच्या प्रत्येक घटकाचे दोन विद्युतभारित कण, म्हणजे सोडियमचा धन आयन आणि क्लोरीनचा ऋण आयन, सुटे होतात; म्हणजे मोजणीत एकाचे दोन होतात. १८८४ साली या विषयावर त्याने उप्साला विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी अगदी खालची श्रेणी दिली. संथ पाण्यात मिठाचे असे तुकडे पडतात हे मानण्यास त्या काळचे अनेक विद्वान तयार नव्हते. परंतु उत्कलनबिंदू, गोठणबिंदू आणि विद्युत्‌वहन या तिन्हींची मोजमापे एकच साक्ष देऊ लागली. व्हांट हॉफला १९०१चे पहिलेच रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९०३ साली तोच मान अऱ्हेनियसला लाभला. उकळत्या खाऱ्या पाण्यात बुडविलेल्या तापमापकाने पदार्थाच्या अंतरंगाविषयी एवढी मोठी गोष्ट सांगितली.

साखर कणाकणाला दुबळी असली तरी ती मिठापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात विरघळते. म्हणून गुऱ्हाळातील काहिलीत उसाचा रस आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत चढत ११५ अंशांच्या पुढे जातो. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांनी पाहतो आणि काहील उतरवितो, तेव्हा तो तापमापकावाचून उत्कलनबिंदूच मोजत असतो.

स्वयंपाकघरातील मीठ

आधणात मीठ टाकले की ते लवकर उकळते, असे काही जण म्हणतात. मिठामुळे पाणी अधिक तापते म्हणून डाळ लवकर शिजते, असे दुसरे म्हणतात. दोन्ही समजुती एकदा आकड्यांवर घासून पाहणे योग्य होईल.

एक लीटर पाण्यात आपण फार तर चमचाभर, म्हणजे पाच-सहा ग्रॅम मीठ घालतो. त्याने उत्कलनबिंदू अंशाच्या एक दशांशाहून अधिक वाढत नाही. आकाशात ढग येऊन हवेचा दाब थोडा बदलला तरी याहून मोठा फरक पडतो. जयपूरच्या पाण्याला समुद्रसपाटीचे १०० अंश गाठून द्यावयाचे असतील तर लीटरमागे सुमारे ८५ ते ९० ग्रॅम मीठ घालावे लागेल. ते पाणी समुद्राच्या अडीचपट खारट होईल आणि त्यात शिजलेली डाळ कोणाच्याही तोंडात जाणार नाही. एवढे करून मिळणार दीड अंश, तर कुकरचे झाकण लावल्याने मिळतात वीस.

उकळीला आलेल्या पाण्यात मीठ टाकताच ते एकदम फसफसते हे खरे आहे. परंतु ती उत्कलनबिंदू खाली आल्याची खूण नव्हे. मिठाच्या खड्यांचे खरबरीत पृष्ठभाग आणि त्यांना चिकटलेली हवा यांमुळे बुडबुडे तयार होण्यास जागा मिळते, एवढेच. तेथे वाळूचे कण टाकले तरी असाच प्रकार घडेल. उलट, एका भांड्यात एक किलो शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात वजनाने तेवढेच, पण शेकडा वीस भाग मीठ असलेले पाणी सारख्याच आचेवर ठेवले, तर दुसरे भांडे आधी उकळेल. कारण त्यात पाणीच कमी आहे आणि मिठाला तापविण्यास उष्णता थोडी लागते. सामान्य समजुतीत सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच.

राजस्थानातील कित्येक गावांत विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशी तक्रार असते, आणि त्याचा दोष पाण्याच्या खारेपणाला दिला जातो. तेथेही दोष उत्कलनबिंदूचा नाही. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिन या द्रव्याशी त्यांचा संयोग होतो आणि ते जोड घट्ट होतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ मऊ शिजते, कारण सोड्याने ते जोड सैल होतात.

सांभरच्या क्यारीत

स्वयंपाकघरात नगण्य ठरलेला हा परिणाम मिठागरात मात्र निर्णायक ठरतो. सांभरला सुमारे पाच किलोमीटर लांबीचा एक बांध सरोवराचे दोन भाग करतो. पावसाळ्यानंतर पश्चिमेकडील विस्तीर्ण भागात पाणी आटून पुरेसे खारट झाले की ते दारांतून व पंपांनी पूर्वेकडे घेतले जाते आणि तेथून कालव्यांनी उथळ क्यारींमध्ये सोडले जाते. मिठवणीची दाटी बोमेच्या मापकाने मोजतात. मापकावर सुमारे २५ अंश आले की मीठ धरू लागते.

ही वाटचाल शेवटी शेवटी मंदावते. पाणी हवेत किती वेगाने जाईल हे, इतर गोष्टी सारख्या धरल्यास, पाण्याचा बाष्पदाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्या फरकावर अवलंबून असते. समजा, पाणी व हवा एकाच तपमानाला आहेत आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे. शुद्ध पाण्याच्या बाबतीत हा फरक १०० वजा ३०, म्हणजे ७० येतो. संपृक्त मिठवणीचा बाष्पदाब मुळात ७५च आहे. तिच्या बाबतीत तो ४५ येतो. म्हणजे मीठ धरण्याच्या सुमारास बाष्पीभवनाचा वेग सुमारे दोन-तृतीयांशच उरतो.

हवा दमट असली तर ही तूट वाढत जाते. महाराष्ट्रातील वाचकांना कोकणातील मिठागरे परिचित आहेत. उरण-पेणपासून १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेल्या शिरोड्यापर्यंत या किनाऱ्यावर मीठ पिकविले गेले आहे. तेथे आर्द्रता ६५ टक्के असेल तर शुद्ध पाण्यासाठी फरक ३५ उरतो, पण संपृक्त मिठवणीसाठी अवघा १०. उन्हाने मिठवणी हवेपेक्षा अधिक तापते आणि वारा सुटतो म्हणून तेथेही मीठ पिकते. परंतु समुद्राचे पाणी फुकट आणि अमाप असूनही तेथील आगऱ्याला हवेशी झगडावे लागते. सांभरच्या भूमीला समुद्र लाभलेला नाही, पण कोरडी हवा लाभलेली आहे, आणि मिठाच्या धंद्यात तिची किंमत काही कमी नाही.

आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हिशेब उलटा होतो. संपृक्त मिठवणीतून पाणी हवेत जाण्याऐवजी हवेतील बाष्प मिठवणीत येऊ लागते. पावसाळ्यात डब्यातील मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड उरलेले असेल तर हा प्रकार फार लवकर घडतो, कारण ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा ओढू लागते. उकळत्या मिठवणीचा तापमापक आठ अंश वर का चढतो आणि आषाढात मिठाची बरणी पाझरते का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मीठ पाण्याला धरून ठेवते.

क्यारीला एक साहाय्य अनपेक्षित ठिकाणाहून मिळते. दाट मिठवणीत सामान्य जीव तग धरत नाहीत, पण ड्युनालिएला नावाचे शेवाळ आणि काही लवणप्रिय सूक्ष्मजीव तेथेच वाढतात आणि पाण्याला लालसर रंग येतो. रंगीत पाणी उन्हातील उष्णता अधिक शोषून घेते आणि लवकर तापते. बाष्पीभवनात मिठाने पाडलेल्या तुटीची काही अंशी भरपाई हे जीव करतात.

चूल की ऊन

आता चुलीच्या प्रश्नाकडे वळू. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिच्या पाचपटींहूनही ही अधिक आहे. उत्कलनबिंदू आठ अंशांनी वाढला म्हणून पडणारा खर्च तिच्यापुढे किरकोळ होय. खरा खर्च पाण्याची वाफ करण्याचा आहे.

समुद्राच्या पाण्यातून एक किलो मीठ काढण्यासाठी सुमारे ३६ किलो पाणी उडवावे लागते. सुकी लाकडे किलोमागे सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता देतात, आणि उघड्या चुलीत तिचा पाचवा हिस्सा उपयोगी पडला असे धरले, तर एक किलो मिठामागे सुमारे सत्तावीस किलो लाकूड जाळावे लागेल. संपृक्त मिठवणीपासून प्रारंभ केला तरी दोन किलोंच्या आसपास लाकूड लागेलच. ज्या प्रदेशात खेजडीचे एक झाड राखणेही कष्टाचे असते, तेथे अशा चुली कोण पेटविणार?

सूर्य हेच काम फुकट करतो. उन्हाळ्याच्या एका दिवसात क्यारीतील पाण्याची पातळी आठ मिलिमीटरने उतरली, तर एक हेक्टर क्षेत्रावरून ८० टन पाणी उडाले असे होते. वर सांगितलेल्या चुलीवर हेच काम करण्यास रोज साठेक टन लाकूड लागले असते. क्यारीत महिनोन्महिने वाट पाहावी लागते ती या बचतीची किंमत होय.

ज्या कारखान्यांत अतिशुद्ध मीठ तयार करावयाचे असते तेथे आजही मिठवणी उकळतात, पण निर्वात पात्रांच्या मालिकेत. पहिल्या पात्रातील वाफ दुसऱ्या पात्राला तापविते, दुसऱ्यातील तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या पात्रात दाब कमी ठेवलेला असल्यामुळे मिठवणी कमी तपमानाला उकळते. एकच उष्णता अनेकदा वापरण्याची ही उत्तम युक्ती आहे. परंतु येथेही मीठ आपला वाटा घेतल्यावाचून राहत नाही. मिठवणी जितक्या अंशांनी उशिरा उकळते तितके अंश प्रत्येक पात्रात वाया जातात. कारण तिची वाफ पुढच्या पात्रात द्रवरूप होते ती शुद्ध पाण्याच्या हिशेबाने. प्रत्येक टप्प्याला सात-आठ अंशांची ही जकात द्यावी लागत असल्यामुळे मालिकेत पात्रे किती ठेवावयाची यावर मर्यादा पडते.

उकळलेले पाणी गोडे होत नाही

या सर्व विवेचनातून निघणारा एक निष्कर्ष मिठाच्या धंद्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. राजस्थानातील अनेक गावांत भूजल मचूळ असते आणि कित्येक ठिकाणी त्यात फ्लोराइडचे प्रमाण घातक असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लीटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरी सोय नसेल तरच दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि हाडे ताठरतात. पाणी उकळून प्यावे हा उपदेश सर्वत्र केला जातो आणि रोगजंतूंच्या बाबतीत तो रास्तच आहे. परंतु उकळल्याने पाणी सर्वार्थाने शुद्ध होते, ही समजूत धोक्याची आहे.

उकळताना पातेल्यातून निघून जाते ते शुद्ध पाणी आणि मागे राहतात ते क्षार. एक लीटर पाणी आटून पाऊण लीटर उरले तर त्यातील फ्लोराइडचे व मिठाचे प्रमाण एक-तृतीयांशाने वाढलेले असते. कॅल्शियमच्या काही क्षारांचा पांढरा थर भांड्याला धरतो आणि तेवढे ते पाण्यातून कमी होतात, हे खरे. पण मीठ आणि फ्लोराइड यांना हा नियम लागू नाही. हा बदल डोळ्यांना दिसत नाही आणि तापमापकालाही कळत नाही. लीटरमागे दोन ग्रॅम क्षार असलेल्या मचूळ पाण्याचा उत्कलनबिंदू अंशाच्या केवळ तीन शतांशांनी वाढलेला असतो.

असे पाणी पिण्याजोगे करावयाचे तर पातेल्यात उरलेले नव्हे, तर वर गेलेले पाणी धरले पाहिजे. काचेच्या उतरत्या छपराखाली मचूळ पाणी उन्हात ठेवले, तर छपराला आतून लागलेले थेंब गोड्या पाण्याचे असतात. दुसरा मार्ग म्हणजे पाण्याला वाफ न करता दाबाने अशा पडद्यातून ढकलणे, की ज्यातून पाणी जाते आणि क्षार जात नाहीत. त्यासाठीही पाण्याला मिठाच्या पकडीतून सोडवावे लागतेच. समुद्राच्या पाण्यासाठी हवेच्या दाबाच्या सुमारे सत्तावीसपट दाब तर नुसती ती ओढ तोडण्यालाच खर्ची पडतो; गोडे पाणी मिळते ते त्याहून अधिक दाब दिल्यावर. मचूळ पाण्याला दाब पुष्कळच कमी लागतो, म्हणून गावोगावी अशी यंत्रे बसविता आली आहेत. मात्र त्यांतून बाहेर पडणारे अधिक खारे पाणी कोठे सोडावयाचे, हा प्रश्न उरतोच.

सांभरच्या सरोवराला हाच प्रश्न निसर्गाने घातला आहे. नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे सरोवरात येणारे पाणी घटले आहे आणि बेकायदा कूपनलिकांनी जमिनीखालची मिठवणीही उपसली जाते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून १९९० साली रामसर यादीत नोंद झालेल्या या सरोवरावर २०१९ साली हजारो स्थलांतरित पक्षी एका रोगाने मरण पावले, तेव्हा देशाचे लक्ष त्याच्या प्रकृतीकडे वेधले गेले. मिठागराला ऊन आणि कोरडी हवा पुरते, असे वरवर पाहता वाटेल. पण क्षार वाहून आणणारे पाणीच आले नाही तर आटवावयाचे काय? खाऱ्या सरोवराचे आयुष्यही शेवटी गोड्या पावसावरच अवलंबून आहे.